घंटेचा मान

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली गावं ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार ट्रॅक्टरमध्ये भरून सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. लहानगी आजीपाशी राहतात. वयात आलेली मुलगी मागं ठेवायला मात्र आईबापांचा जीव धजत नाही. त्यामुळं नववीतली राधाही टोळीबरोबर गेली आणि पाडव्याच्या सुमारास परत आली.

हजेरीपटात तिच्या नावापुढं लाल शाईनं ‘सतत गैरहजर’ असं आडवं लिहिलेलं होतं. तिच्या बाकावर दुसरीच मुलगी. आठवीपर्यंत खिचडीच्या रांगेत तरी सगळ्यांबरोबर उभं राहता यायचं. पण शाळेतला पोषण आहार आठवीलाच थांबतो. नववीत ज्याचा त्याचा डबा आणि डब्यांचे ठरलेले घोळके. त्यात राधाला कुणी सरकून जागा दिली नाही. कुणी दुष्ट होतं असं नाही, तिची सवयच मोडली होती.

हेडसर मनानं चांगले. परिपाठाला त्यांनी परत आलेल्या पाच मुलांना पुढं बोलावलं, गुलाबाची फुलं दिली, टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो काढला. उसाच्या पानांनी राधाची बोटं चिरली होती. फूल घेतल्या घेतल्या तिनं हात ओढणीत घातला. दुसऱ्या दिवशी पाचातली तिघं आलीच नाहीत.

“एवढं स्वागत करूनसुद्धा?” सरांनी शिपाईमामांना विचारलं.

मामा टाकीचा नळ आवळत होते. “पाव्हण्याला फूल देतेत, सर. घरच्याला काम सांगतेत.”

त्यांनी राधाला हाक मारली. “पोरी, माझा गुडघा धरलाय. उद्यापासनं मधल्या सुट्टीची घंटा तू द्यायची.”

घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पहिल्या दिवशी तिचा टोला कडेला बसला, लांबच्या वर्गांना ऐकूच गेला नाही. दहावीची मुलं अंगावर आली, “ए घंटेवाले, हातात जीव नाही का?” तिनंही तिथंच खडसावलं, “कान धुऊन या आधी!” परत आल्यापासून तिच्याशी कुणी भांडलं नव्हतं. त्या दुपारी दोघी मैत्रिणी डबा घेऊन कडुलिंबाखाली आल्या, भांडण नेमकं काय झालं ते ऐकायला.

मग कामांची यादीच निघाली. झाडांना पाणी, प्रयोगशाळेची किल्ली, फळ्यावरचा दिनविशेष. इथं वर्गशिक्षिका मध्ये पडल्या. कामं फक्त मजुरांच्या पोरांना दिली तर तो दुसरा अपमान झाला असता. म्हणून प्रत्येक काम दोघांचं ठरलं, एक जाणारा आणि एक राहणारा. राहणाऱ्यानं बदली सांभाळायची, वहीत दोघांपुरतं उतरवायचं आणि दर शनिवारी टोळीवर फोन करायचा.

यानं उचल फिटली नाही, पाऊसही वाढला नाही. पुढच्या दसऱ्याला ट्रॅक्टर भरलेच. हजेरीपटातली गैरहजरीही गैरहजरीच राहिली, आणि ती झाकण्यात काही अर्थ नव्हता. पण मामा घरी जाऊन ‘किल्ली कुणाकडं द्यायची?’ असं विचारून आले, त्यानंतर न आलेल्या तिघांतली दोन मुलं शाळेत येऊ लागली होती. तिसरीचं मात्र लग्न ठरलं होतं.

राधा दहावीत गेली. बोर्डाच्या परीक्षेसाठी आईनं त्या वर्षी तिला मावशीकडं ठेवलं. घंटा नववीतल्या एका पोराकडं आली आणि तोही कोल्हापूरकडं गेला. जानेवारीत एका शनिवारी मामांचा फोन वाजला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता.

“मामा, काल घंटा धा मिनिटं आधीच दिली म्हणं माझ्या जोडीदारानं?”

“दिली. मॅच होती त्याची.”

“त्याला म्हणावं, पाडव्याला येतोय मी. मग बघतो त्याच्याकडं.”