खर्ड्याचा एकांत

'खर्डेघाशी' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, आणि ती ज्याच्या नशिबी आली त्याच्याविषयी कोणाच्या मनात फारसा आदर असतो असेही नाही. परंतु या शब्दाच्या पोटात जो खर्डा दडलेला आहे, त्याला आपल्या दप्तरी परंपरेत केवढे स्थान होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्या कारकुनाला पत्र धाडावयाचे, यादी करावयाची किंवा हिशेब मांडावयाचा, तो आधी मसुदा करी, त्यात खाडाखोड करी, वरिष्ठांची नजर फिरली म्हणजे दुरुस्ती करी, आणि मगच तो मजकूर स्वच्छ अक्षरांत पक्क्या कागदावर उतरे. व्यापाऱ्याच्या पेढीवरही कच्ची वही निराळी आणि पक्की वही निराळी. कच्च्यात चूक झाली तर ती चूक समजली जात नसे. पक्क्यात झाली तर मात्र जाब द्यावा लागे.

चित्रे, आकृती व छपाईची मांडणी करणारे, ज्यांना आपण आता सरसकट डिझायनर म्हणतो ते, किंवा भांडवलापेक्षा उमेद अधिक घेऊन स्टार्टअप काढणारे तरुण, यांच्या हाती गेल्या काही वर्षांत संगणकावरची जी साधने आली, त्यांची थोरवी नेहमी वाचलेल्या वेळाच्या मापाने सांगितली जाते. वेळ वाचतो, हे खरेच आहे. पण वेळ वाचविणारी यंत्रे यापूर्वीही पुष्कळ आली. या साधनांनी केलेला खरा फेरफार मला दुसरीकडे दिसतो: कच्च्या आणि पक्क्या यांच्यामध्ये जी भिंत पिढ्यानपिढ्या उभी होती, ती त्यांनी काढून टाकली, आणि तिच्या आड जे काही सुरक्षित होते तेही त्याबरोबर उघड्यावर आले.

साधनांची चर्चा हा आपल्याकडे काही नवा किंवा हलका विषय नव्हे. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास समर्थांनी सगळा लेखनक्रियेला दिला आहे, आणि परमार्थाच्या त्या ग्रंथात बोरू कोणते आणावेत, ओळीला ओळ लागू नये म्हणून काय करावे, अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत सारखे कसे राखावे, याचे विवेचन येते. कागदाच्या कडा कालांतराने झडल्या तरी मजकुराला धक्का लागू नये म्हणून भोवती मोकळी जागा सोडावी, ही तेथली सूचना तर कोणत्याही डिझायनरने पाटीवर लिहून समोर टांगावी अशी आहे. तेव्हा साधनांचा अभ्यास करणाऱ्याला मी नावे ठेवीत नाही. माझा प्रश्न, मोकळी जागा कोठे गेली, एवढाच आहे.

प्रथम हिशेबाचे साधन घेऊ. 1978 च्या सुमारास हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडीत, आणि त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असणारे पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहिणे भाग पडे. फळाच जर हे काम आपण होऊन करील तर, असे त्या विद्यार्थ्याच्या मनात आले, आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राने ती कल्पना संगणकाच्या आज्ञावलीत उतरविली. 1979 मध्ये 'व्हिजिकॅल्क' या नावाने ते कोष्टक ॲपल टू या संगणकासाठी विक्रीस आले. 63 स्तंभ आणि 254 ओळी एवढाच त्याचा विस्तार, पण आजची प्रत्येक स्प्रेडशीट त्याचीच वंशज आहे. खर्डेघाशीतून मनुष्याची याहून मोठी सुटका क्वचितच झाली असेल. 'अमुक झाले तर काय' हा प्रश्न, जो पूर्वी एका संध्याकाळी एकदाच विचारणे परवडे, तो आता घटकाभरात शंभर वेळा विचारता येऊ लागला.

परंतु फळ्याचा एक गुण या सुटकेत हरवला. फळ्यावरचा पुसलेला आकडा खडूचा पांढुरका डाग मागे ठेवतो, आणि येथे कोणीतरी मत बदलले आहे हे पाहणाऱ्याला कळते. स्प्रेडशीटच्या चौकटींत मोजलेला आकडा आणि मनाने धरलेला आकडा एकाच टंकात, एकाच ऐटीत उभे राहतात. माझ्या परिचयाच्या एका तरुणाने आपल्या नियोजित धंद्याचा पाच वर्षांचा ताळेबंद मला दाखविला, तेव्हा तिसऱ्या वर्षीचा नफा त्यात रुपया-पैशापर्यंत मांडलेला होता. ग्राहकवाढीचे प्रमाण कशावरून धरलेस, असे विचारता तो हसून म्हणाला, "असंच धरलंय, काका. काहीतरी धरायलाच लागतं ना!" त्या उत्तरातला प्रामाणिकपणा मला आवडला. पण तो प्रामाणिकपणा त्याच्या बोलण्यात होता, कागदावर त्याचा मागमूस नव्हता. आपल्या जुन्या जमाखर्चात अदमासाने मांडलेल्या रकमेला 'अजमास' हा स्वतंत्र शब्द होता. त्या शब्दाखाली आलेल्या रकमेवर कोणी घर बांधीत नसे.

आता चित्राकडे वळू. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत डिझायनरचे काम त्याच्या स्वतःच्या संगणकात असे. गिऱ्हाइकाला दाखवावयाची प्रत तो वेगळी काढून पाठवी, आणि मग 'अंतिम', 'अंतिम 2', 'खरोखरीचे अंतिम' अशा नावांची ती हास्यास्पद वंशावळ वाढत जाई. डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी 2012 मध्ये स्थापिलेल्या आणि 2016 मध्ये सर्वांना खुल्या केलेल्या 'फिग्मा'ने ही वंशावळ संपविली. येथे चित्र ब्राउझरमध्ये, एका पत्त्यावर राहते; तो पत्ता ज्याला दिला तो आत येतो, आणि प्रत्येकाचा कर्सर त्याच्या नावासह त्याच पानावर फिरताना दिसतो. डग्लस एंगेलबार्ट याने 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील सभागृहात, कित्येक मैल दूर बसलेल्या सहकाऱ्यासह पडद्यावरच्या एकाच मजकुरावर काम करून दाखविले होते. त्याच प्रयोगाचा हा अर्धशतकाने झालेला प्रपंच. त्याचे लाभ नाकारणे हा करंटेपणा होईल. आज्ञावली लिहिणाऱ्याला मापे आणि रंग विचारीत बसावे लागत नाही, उद्योजकाचा शेरा नेमक्या त्या बटनाशेजारीच उमटतो, आणि 'माझ्याकडे जुनी प्रत आली' ही सबब कायमची बाद होते.

तरीही हे साधन नवे असताना काही डिझायनरांनी जी कुरकुर केली, ती मला केवळ सवयीची तक्रार वाटत नाही. रेघ उमटण्यापूर्वीच तिच्याभोवती तीन-चार नावे घिरट्या घालू लागली, तर हात आपोआप मान्य होईल अशीच रेघ काढतो. उत्तम कल्पना जन्मतः बहुधा विद्रूप असते. तिला काही काळ कोणाच्या नजरेस न पडता वाढावे लागते. खर्डा हा त्या काळाचा आडोसा होता. व्यापाऱ्यांना मात्र आडोसा काढण्याची किंमत चांगली समजली: 2022 च्या सप्टेंबरात 'अडोबी'ने फिग्मा सुमारे 20 अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केले, आणि युरोप व ब्रिटन येथील नियामकांनी हरकती घेतल्या नसत्या तर 2023 च्या डिसेंबरात तो व्यवहार मोडलाही नसता.

संभाषणाचे साधन 'स्लॅक'. त्याचा जन्म गमतीचा आहे. स्टुअर्ट बटरफील्ड आणि त्याचे सोबती 'ग्लिच' नावाचा एक संगणकीय खेळ करीत होते. 2012 च्या अखेरीस तो बंद करावा लागला, आणि आपापसांत बोलण्यासाठी त्यांनी जी तात्पुरती सोय करून ठेवली होती, तीच 2014 मध्ये विक्रीयोग्य माल म्हणून बाहेर आली. म्हणजे पक्की वही बुडाली आणि खर्डा तरला! मात्र स्लॅकने इतरांच्या खर्ड्याचे काय केले पाहा. पत्र लिहिणारा मनुष्य मसुदा करी. निरोप धाडणारा करीत नाही. अर्धा विचार मनात आला की तो तत्क्षणी दहा जणांपुढे पडतो, आणि उरलेला अर्धा कोणीच पूर्ण करीत नाही.

कार्ये टिपण्याची, कप्पे पाडण्याची, आठवण देण्याची जी शेकडो साधने आहेत, त्यांच्याविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. कामाची यादी सुशोभित करणे हेच त्यांच्या योगाने एक काम होऊन बसले आहे, आणि ते फार गोड काम आहे, हे मी अनुभवाने जाणतो. अपवाद एकाच साधनाचा करीन, आणि तेही मुळात संगणकाचे नव्हे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे यंत्र टेबलावर ठेवून, 25 मिनिटे अन्य कशाकडे पाहावयाचे नाही, असा नेम केला. त्या भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या रीतीलाही तेच नाव पडले. एवढ्या साधनांच्या गर्दीत खर्ड्याभोवती भिंत उभारणारे हे एकच मला आढळले, आणि ती भिंतही केवळ 25 मिनिटांची.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरात अशी साधने घडविणारे मराठी तरुण आज पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ माझे मागणे मोठे नाही. तुमच्या साधनात एक पान असे असू द्या, ज्याचा पत्ता कोणाला पाठविताच येणार नाही. आणि तुमच्या कोष्टकात जो आकडा कोणी नुसता मनाने धरला असेल, तो फिकट शाईत उमटू द्या.