पितृऋण आणि सत्य

मृताविषयीं वाईट बोलूं नये, हा संकेत आपल्या समाजांत इतका रुजलेला आहे, कीं त्याची चिकित्सा करणें हेंच कित्येकांस वाईट बोलण्यासारखें वाटतें. रावण पडल्यावर, वैर मरणाबरोबर संपलें असें सांगून रामानें बिभीषणाला त्याचा अंत्यविधि करावयास लावलें. त्यांतील औदार्य मला मान्य आहे. परंतु वैर विसरणें निराळें आणि वस्तुस्थिति विसरणें निराळें. मृत मनुष्य वैरी नसून आपला अत्यंत आवडता असेल, तर आपल्या मौनाचें कारण औदार्य असतें कीं स्वतःची सोय, हा प्रश्न उरतोच. तो मला पुस्तकांत भेटला नाहीं. आजोबांच्या ट्रंकेंत भेटला.

माझे आजोबा कोंकणांतील एका खेड्यांत मास्तर होते. गांवांतील दोन पिढ्यांचीं अक्षरें त्यांनीं वळणावर आणलीं. घरींहि ते तितकेच प्रेमळ. आजारी नातवाच्या उशाशीं रात्र रात्र बसणारे, हंगामाचा पहिला आंबा स्वतः न चाखतां मुलांत वांटणारे, घरांत कोणावरहि आवाज न चढविणारे. १९८७ सालीं ते वारले. दर वर्षीं पितृपक्षांत श्राद्धाची पंगत उठली, कीं त्यांच्या गोष्टी निघतात, आणि त्या ऐकतच आमच्या घरांतील मुलें वाढलीं.

या गोष्टींत माजघरांतून वावरणारी एक आलवणांतील आकृति असे. ती आजोबांची धाकटी बहीण. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. नवव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि बाराव्या वर्षीं ती विधवा होऊन माहेरीं परतली. मुलीच्या विवाहाला चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा १९२९ सालचा. तिच्यासाठीं तो उशिरा आला. पुढें साठ वर्षें त्या घराचें सोंवळें, स्वयंपाक आणि बाळंतपणें तिनें सांभाळलीं.

कांहीं वर्षांपूर्वीं जुनें घर रिकामें करतांना ट्रंकेंत १९५८ सालचें एक हक्कसोडपत्र सांपडलें. पणजोबा १९५७ सालीं वारले. त्याच्या आदल्याच वर्षीं झालेल्या हिंदु वारसा कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलीला वाटा मिळूं लागला होता. तो वाटा आपण राजीखुशीनें भावाच्या लाभांत सोडीत आहों, असें त्यांत लिहिलें होतें, आणि खालीं आत्याआजीच्या डाव्या अंगठ्याची निशाणी होती. मजकूर आजोबांच्याच सुरेख अक्षरांत होता. वाट्यापेक्षां त्या अंगठ्यानें मला अधिक अस्वस्थ केलें. ज्यानें सगळ्या गांवाला लिहावयास शिकविलें, त्याची सख्खी बहीण त्याच्याच छपराखालीं निरक्षर राहिली होती.

माझे वडील चुलतबंधु म्हणाले, "हा कागद जाळून टाक. मुलांपुढें आजोबांचें नांव कशाला खराब करायचें?"

त्यांचा पक्ष अगदींच टाकाऊ नव्हता. मनुष्याला त्याच्या काळाच्या मापानें मोजावें, हें म्हणणें रास्त आहे. पण तो काळ नेमका कोणता? पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें तें १८८९ सालीं. धोंडो केशव कर्व्यांनीं विधवांसाठीं संस्था स्थापिली ती १८९६ सालीं. पुण्याचें सेवासदन १९०९ सालचें. आजोबा मास्तर झाले तेव्हां हीं नांवें त्यांच्या कानांवर नव्हतीं, असें म्हणवत नाहीं; कर्वे तर कोंकणांतलेच. माप उपलब्ध होतें. तें उंबरठ्याच्या आंत आणलें गेलें नाहीं, इतकेंच.

मृताला उत्तर देतां येत नाहीं, हा दुसरा आक्षेप. खरा आहे. पण आत्याआजीलाहि तें देतां येत नाहीं, आणि तिला तर जिवंतपणींहि कोणीं विचारलें नव्हतें. एका मृताचा दोष झांकतांना पुष्कळदां आपण दुसऱ्या मृताच्या तोंडावर हात ठेवीत असतों. कदाचित् तिनें खरोखरच राजीखुशीनें वाटा सोडला असेल. भावावर तिचा फार जीव होता. परंतु जिला कागद वाचतांच येत नाहीं, तिची राजीखुशी दुसऱ्यानें लिहून द्यावी लागते, हें तरी नाकारतां येईल काय? आजोबांनीं तिला कधीं उणा शब्द बोलला नाहीं, औषधपाण्याची हयगय केली नाहीं. दया त्यांनीं भरपूर केली. पण दया देणाऱ्याच्या मर्जीवर राहते आणि हक्क घेणाऱ्याच्या हातीं असतो. प्रेमळ गृहस्थांच्या डोळ्यांना हा भेद फार उशिरा दिसतो; कारण प्रेम करीत असतांना आपण अन्यायहि करीत असूं, अशी शंकाच त्यांना येत नाहीं. ही शंका मला स्वतःविषयीं येऊं लागली, हा त्या कागदाचा मजवर उपकार आहे.

सत्यानें प्रेम मरतें, ही भीतिहि फोल आहे. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें'मध्यें पतीचा तापट व तऱ्हेवाईक स्वभाव लपविलेला नाहीं. म्हणून रेव्हरंड टिळक आपल्याला अप्रिय होतात काय? उलट ते शेजारच्या घरांत राहत असावेत, इतके जवळचे वाटतात. निर्दोष मूर्तीला हात जोडतां येतात. तिच्यापासून कांहीं शिकतां मात्र येत नाहीं.

महालयाच्या संकल्पांत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर पितृष्वसा, म्हणजे बापाची बहीण, हिलाहि स्थान आहे. वडील होते तोंवर त्यांची आत्या म्हणून तिचें नांव घेतलें जाई. त्यांच्यामागें श्राद्ध माझ्याकडे आलें. माझी आत्या त्या यादींत बसते. वडिलांची आत्या बसत नाहीं. जिला संतति नाहीं, अशा बाईचें नांव एका पिढींत विधीमधूनहि निघून गेलें.

कागद मीं जाळला नाहीं. गेल्या पितृपक्षांत पंगत उठल्यावर मुलांना आंब्याची गोष्ट सांगितली आणि अंगठ्याचीहि सांगितली. वडील बंधु गप्प बसून होते. उठून मात्र गेले नाहींत. तेवढ्यांत पुतणीनें विचारलें, "आत्याआजीचें नांव काय होतें?" आम्हां मोठ्यांपैकीं कोणालाच तें चटकन् सांगतां येईना. शेवटीं बंधूंनींच माझ्या हातांतला कागद घेतला, चष्मा लावला आणि आजोबांच्या अक्षरांतून तें वाचून दाखविलें.