रिकाम्या परतीचा हिशेब

खासगी विमानाने परदेशी जायचे ठरले की बारीकसारीक तयारी सुरू होते. ज्या देशांच्या आकाशातून जायचे त्यांची परवानगी, उतरायच्या विमानतळावरची वेळ, विमान उभे करायला जागा, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा, पासपोर्ट आणि सीमाशुल्काची तपासणी, कोणाला कोणते जेवण चालते, सगळे आधीच कागदावर येते. या यादीत एक रकाना मात्र नसतो: या प्रवासाने हवेत किती कार्बन जाणार? तो रकाना नियोजनाच्याच वेळी भरला पाहिजे, कारण निर्णय तेव्हाच बदलता येतो. नंतर झाडे लावायला पैसे दिले तरी धूर आज हवेत जातो आणि झाडाला तो शोषून घ्यायला काही दशके लागतात.

मुंबई ते लंडन हा प्रवास घेऊ. लांब पल्ल्याचे मोठे खासगी जेट तासाला साधारण सव्वा ते दीड टन इंधन जाळते. नऊ-दहा तासांचे अंतर धरले तर हात राखूनही १२ टन होतात. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एकूण सुमारे ३८ टन. आत चौघे बसलेले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेनऊ टन येतात. भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे जातानाच साडेचार वर्षांचा वाटा संपला. मंडळी पंधरवडाभर तिकडे राहणार असतील तर विमान बहुधा रिकामेच मुंबईला परतते आणि त्यांना आणायला पुन्हा रिकामेच जाते. बाहेरगावी सोडायला आलेला गाडीवाला रिकाम्या परतीचे भाडे मागतो आणि ते आपल्याला रास्त वाटते, कारण ती गाडी आपल्यासाठीच आलेली असते. विमानाच्या रिकाम्या परतीचे पैसे प्रवासी देतोच. तिचा धूरही मग त्याच्याच खात्यावर मांडायला हवा.

तो मांडला जात नाही, याची मुळे जुनी आहेत. १९४४ च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या टाकीतल्या इंधनाला सीमाशुल्कातून सूट दिली आणि पुढे देशादेशांतल्या करारांनी ती रुंदावली. नियमित विमान कंपन्यांनाही ती सूट मिळते, हे खरे. पण त्यांच्यासाठी निदान कॉर्सिया ही जागतिक भरपाई योजना २०२१ पासून सुरू झाली आहे. तिच्यातून वर्षाला १०,००० टनांपेक्षा कमी उत्सर्जन करणारे चालक वगळले आहेत, आणि एक-दोन जेट बाळगणारा मालक त्या मर्यादेच्या खूप खाली राहतो. पुण्यातला स्कूटरवाला लिटरमागे कर भरतो आणि समुद्रापार जाणारे खासगी जेट मोकळे सुटते, ही विषमता मला सर्वांत अस्वस्थ करते.

एकूण हवाई वाहतुकीत खासगी विमानांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, मग एवढा गहजब कशाला, असे विचारले जाते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०२३ साली या विमानांनी सुमारे १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला आणि २०१९ पासून त्यात ४६ टक्के वाढ झाली. जवळपास निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरपेक्षाही कमी अंतराची होती. मूठभर माणसांचा वाटा एवढा असेल तर काटकसरीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. व्यग्र माणसाचा वेळ मोलाचा असतो, हेही मान्य. रुग्णाला किंवा प्रत्यारोपणाच्या अवयवाला तातडीने नेणाऱ्या विमानाविषयी तर तक्रारच नाही. पण त्याच अभ्यासाला इबिझा आणि नीसकडे जाणाऱ्यांची उन्हाळी गर्दीही दिसली. तिथे घाईचे कारण पुढे करता येत नाही. हरित इंधन येईल असा दिलासा दिला जातो, पण युरोपीय संघाच्या नियमाने २०२५ पासून सक्तीचे झालेले त्याचे प्रमाण अवघे दोन टक्के आहे.

सरकारे हळूहळू हलत आहेत. जून २०२५ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरात फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस, सोमालिया आणि आणखी काही देशांनी खासगी जेट आणि महागड्या वर्गांतल्या प्रवाशांवर कर लावण्यासाठी गट उभारला. लंडनला निघालेल्यांनी मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मुंबईहून तिथे थेट जाणारी नियमित विमाने रोज आहेत आणि त्यांत आडवे होऊन झोपता येते. ती महागडी आसने जागा जास्त व्यापतात, म्हणून त्यांचा कार्बनही साध्या आसनापेक्षा जास्त धरावा लागतो. तरी तो साडेनऊ टनांच्या जवळपासही जात नाही, आणि ते विमान परतताना दुसऱ्या प्रवाशांना घेऊन येते.