मावशीचे ऋण आणि विम्याचा हप्ता

घरचे मूल ज्या हातांवर वाढते त्या हातांना इजा झाली, तर तिचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न पुण्यातील सुस्थित घरांत विचारला गेलाच तर तो विम्याच्या व्यवहाराचा म्हणून विचारला जातो. वस्तुतः तो ऋणाचा, म्हणजे उपकारातून उत्पन्न होणाऱ्या आणि फेडल्यावाचून न सुटणाऱ्या बांधिलकीचा प्रश्न आहे. तैत्तिरीय संहितेने ऋषी, देव आणि पितर यांची तीन जन्मजात ऋणे सांगितली आहेत. दाईचे ऋण त्यांत नाही. लोकस्मृती मात्र याबाबत शास्त्राहून उदार आहे, कारण पुरंदरावर १६५७ मध्ये जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव या मुलखात आजही आदराने घेतले जाते. पण निष्ठेचे गुणगान वाढले की हिशेबाची भाषा ओशाळवाणी वाटू लागते, आणि मूल सांभाळणाऱ्या बाईविषयीचे ‘मावशी आमच्या घरच्याच आहेत’ हे वाक्य तिचे हक्क नोंदवण्याऐवजी ते टाळण्याच्या कामी येते.

कोथरूडच्या एखाद्या सदनिकेत ओल्या फरशीवरून मावशीचा पाय घसरतो, कडेवरचे बाळ वर धरून ती स्वतः खाली येते आणि तिचे मनगट मोडते. बाळाला रुग्णालयात दाखल करावे लागले असते, तर कुटुंबाचा आरोग्यविमा, म्हणजेच मेडिक्लेम, त्याच्या पाठीशी उभा होता; पण त्या पॉलिसीत ‘घरच्याच’ असलेल्या मावशीचे नाव नसते. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख रुपये देते. जुळून येणारे मनगट तिच्या कक्षेबाहेर राहते. काही गृहविमा पॉलिसींत घरकामगारांविषयीची मालकाची कायदेशीर जबाबदारी जोडून घेता येते, परंतु तेथे संरक्षण मुख्यतः मालकाच्या खिशाला मिळते, हे विसरता येत नाही.

येथे जोखीम आणि उत्तरदायित्व यांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. जोखीम म्हणजे संभाव्य नुकसान, आणि ते पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्यावर सोपवता येते. उत्तरदायित्व मात्र ज्याच्यासाठी काम झाले त्याच्याकडेच राहते. म्हणून विमा काढल्याने ऋण फिटते हे मत जितके चुकीचे, तितकाच विम्यामुळे जिव्हाळ्याला बाध येतो हा आक्षेपही लटका आहे. आपल्या मुलांचा विमा काढणाऱ्या आईबापांच्या मायेवर कोणी शंका घेत नाही. विमा नसला म्हणून जोखीम नाहीशी होत नाही. ती खाड्याचे पैसे कापले जाणाऱ्या बाईच्या पदरी पडते.

पुण्याच्या मोलकरणींना हे कोणी शिकवावे लागले नाही. १९८० साली त्यांनी या शहरात संप केला आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ च्या अधिनियमाने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद केली आणि अपघातसमयी तातडीचे साहाय्य त्याच्या कामांत धरले. मात्र मंडळ असले तरी घराची जबाबदारी सरत नाही. मुलासाठी बाई ठेवणाऱ्या कुटुंबाने तिची मंडळाकडे नोंदणी करवावी, तिच्या नावाने अपघात विमा काढावा, आणि हाड जुळेपर्यंतचा उपचारखर्च व पगार देण्याचे तिला कामावर घेतानाच कबूल करावे.