रस्त्याचा हक्क



मुंबईच्या मुहम्मद अली रोडवरून, नागपाड्यातून किंवा कुर्ल्याच्या एखाद्या गल्लीतून मगरिबच्या सुमारास चालत निघावे. रमजानचा महिना असेल तर कोणी अनोळखी मुलगा वाटसरूच्या हातात खजूर आणि पाण्याचा पेला ठेवतो. नाव विचारत नाही, धर्म विचारत नाही. चाळीच्या गॅलरीत शेजारीण शेजारणीचे तान्हे मूल सांभाळत बसलेली दिसते. ही आपल्या मोहल्ल्याची श्रीमंती आहे आणि तिच्याबद्दल अल्लाहचे आभार मानावेत तितके थोडेच आहेत.

पण त्याच रस्त्यावर दुसरेही दृश्य दिसते. दुकानाचा माल पदपथावर आलेला असतो, म्हणून भाजीची पिशवी घेतलेली वृद्धा खाली उतरून बसगाड्यांच्या कडेने चालते. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली दुहेरी रांगेत उभ्या असतात. वरच्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी खाली येते. नाक्यावरच्या बाकड्यावर मध्यरात्र उलटली तरी हास्यविनोद चालू असतो आणि समोरच्या खोलीत पहाटे कामावर जाणारा कामगार कूस बदलत पडलेला असतो. यांपैकी कोणीही स्वतःला गुन्हेगार समजत नाही. ‘रस्ता आहे, चालायचेच’ एवढे बोलून आपण पुढे जातो.

इस्लाम मात्र एवढ्यावर पुढे जाऊ देत नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेला प्रसंग आहे. आदरणीय प्रेषित (स.) यांनी आपल्या सोबत्यांना रस्त्यांवर बैठका मांडण्यापासून सावध केले. सोबत्यांनी अडचण सांगितली, की आपसांत बोलण्यासाठी आम्हाला त्यावाचून जागा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांनी राहणाऱ्या मुंबईकराला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. प्रेषितांनी (स.) ती अडचण झिडकारली नाही. बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असे त्यांनी फर्माविले आणि विचारल्यावर तो हक्कही स्पष्ट केला: नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भलाईची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे.

या पाच गोष्टी आपल्या नाक्यावर ठेवून पाहाव्यात. जिथून मुली शाळा-महाविद्यालयात जातात, तिथे बसलेल्या तरुणांची नजर खाली असेल तर त्या गल्लीतील प्रत्येक आई निश्चिंत होईल. येणाऱ्याजाणाऱ्याच्या सलामाला उत्तर मिळाले तर एकट्या राहणाऱ्या वृद्धाला आपण अजून कोणाच्या तरी ओळखीचे आहोत, हे कळेल. जी बैठक नशेच्या पुड्या विकणाऱ्याला आपल्या गल्लीत उभे राहू देत नाही, ती बैठकसुद्धा पुण्याची ठरेल. आणि त्रास न देण्याचा जो हक्क आहे, त्याला धर्माची वा जातीची अट नाही. टपाल वाटणारा, पालिकेचा सफाई कामगार, दुसऱ्या वस्तीतून दवाखान्यात आलेला रुग्ण, हे सारे त्याचे हक्कदार आहेत.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा आहेत आणि रस्त्यातून पीडादायक वस्तू दूर करणे ही त्यांतील सर्वांत खालची शाखा आहे. मग विचार करा, वस्तू दूर करणे ही जर पहिली पायरी असेल, तर ती वस्तू आणून ठेवणारा कोठे उभा आहे? जुमाची नमाज चुकू नये म्हणून आपण घाईने गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतो आणि पहिल्या सफेत जाऊन उभे राहतो. त्याच वेळी मागे एखादी रुग्णवाहिका अडकून पडली, तर त्या रुग्णाच्या एकेका श्वासाचा हिशेब कोणाच्या नावे लिहिला जाईल?

येथे एक गोष्ट फार गंभीर आहे. माणसांचे हक्क, म्हणजेच हुकूकुल इबाद, केवळ तौबा केल्याने फिटत नाहीत. ज्याचा हक्क बुडाला त्याचे देणे द्यावे लागते किंवा त्याची क्षमा मागावी लागते. नमाज, रोजे व जकात घेऊन येणारा, परंतु लोकांना दुखावल्यामुळे आपली सारी पुण्याई त्यांना वाटून देऊन रिकाम्या हाताने उभा राहणारा मनुष्य हाच खरा दिवाळखोर, असे प्रेषितांनी (स.) समजाविले आहे. शेजाऱ्याला दुखावले तर त्याचे दार ठोठावून क्षमा मागता येते. पण रस्त्यावर ज्याला अडविले, ज्याची झोप मोडली, ज्याच्या अंगावर घाण पडली, त्याचे आपल्याला नावही ठाऊक नसते. तो गर्दीत निघून जातो. त्याला कोठे शोधणार? त्याची आपली गाठ पडेल ती थेट कयामतच्या मैदानात, आणि तेथे द्यायला पुण्यावाचून दुसरे काही नसेल.

म्हणून उपाय आजच आणि सोपा आहे. जुमाला दहा मिनिटे आधी पायी निघावे. दुकानदाराने आपला माल उंबरठ्याच्या आत घ्यावा. रोजी देणारा अल्लाह आहे, पदपथ नव्हे. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष पालिकेने ठरवून दिलेल्या जागीच पोहोचवावेत. मस्जिदच्या विश्वस्तांनी चार तरुणांना वाट मोकळी ठेवण्याचे काम सोपवावे. आईने मुलाच्या हातून वाटेतील एक काच उचलून घ्यावी आणि हेही ईमानचे काम आहे, हे त्याला सांगावे.

अल्लाह आम्हा सर्वांना रस्त्याचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.