राखणदाराचे गोल

अर्जेंटिनातल्या चाकाबुको गावी १९५३ साली डॅनिएल पासारेला जन्मला. पुढे तो फुटबॉलमधला बचावपटू झाला, तोही बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. तिथं हवेतले चेंडू डोक्यानं परतवावे लागतात, म्हणून ताडमाड गडी निवडायची रीत. याची उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ती कसर त्यानं उडीची वेळ साधून भरून काढली. चेंडू कुठं उतरणार हे ओळखून तो आधीच हवेत असे.

आणि बचाव करता करता हा माणूस गोल करी. फ्री किकवर, पेनल्टीवर, कॉर्नरवर डोक्यानं. १९८५-८६ च्या मोसमात इटलीच्या लीगमध्ये फिओरेंटिनाकडून त्यानं ११ गोल केले. पुष्कळ आघाडीपटूंनाही एवढे जमत नाहीत.

बचावपटू पुढे गेला की मागे त्याची जागा उघडी पडते. हल्ला फसला तर जीव तोडून परत धावावं लागतं. आपलं नेमलेलं काम चोख करावं आणि मगच चार पावलं पुढे टाकावीत. घर उघडं टाकून मारलेला गोल संघाला महागात पडतो.

२५ जून १९७८. ब्युनोस आयर्सला विश्वचषकाची अंतिम लढत, समोर नेदरलँड्स. मैदान रिव्हर प्लेटचं, म्हणजे पासारेलाच्या स्वतःच्या क्लबचं. १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला नेदरलँड्सच्या रेन्सेनब्रिंकचा फटका गोलपोस्टवर आदळला. जादा वेळेत अर्जेंटिना ३-१ ने जिंकली. कर्णधार पासारेलाच्या नावावर त्या दिवशी एकही गोल नव्हता, तरी देशासाठी पहिला विश्वचषक उचलला तो त्यानंच. मला त्याच्या सगळ्या गोलांहून ही गोष्ट मोठी वाटते.

१९८६ ला मेक्सिकोतल्या विश्वचषकात कर्णधार मॅराडोना होता. पासारेला संघात होता, पण पोटाच्या आजारानं असा गाठला की एकही सामना खेळता आला नाही. त्याच्या जागी होसे लुइस ब्राऊन उभा राहिला. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल याच बचावपटूनं डोक्यानं केला. उत्तरार्धात त्याचा खांदा जायबंदी झाला. बाहेर बसायला तो तयार होईना. जर्सीला दातानं भोक पाडून त्यात बोट अडकवलं, हात तसाच धरून ठेवला आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्यानं बचाव राखला. अर्जेंटिना ३-२ ने जिंकली.