देहात टिकते ते काय?

देह नाशवंत आणि आत्मा नित्य, ही विभागणी आपल्यात इतकी मुरली आहे की देहाकडे पुन्हा निरखून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. देह म्हणजे काही वर्षे टिकणारी आणि मग मोडणारी वस्तू, असे आपण धरून चालतो. ते बरोबर नाही. १९३० च्या दशकाअखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना जड नत्राची खूण असलेले अमिनो आम्ल खाऊ घातले. शरीर हे यंत्र आणि अन्न हे इंधन, अशी तेव्हाची समजूत. त्या हिशेबाने तो नत्र लघवीवाटे निघून जायला हवा होता. पण त्याचा मोठा भाग शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसला. उंदीर वाढत नव्हते, म्हणजे जुनी प्रथिने तितकीच मोडत होती. देहाचा नाश मरणाची वाट पाहत नाही. तो रोज होतो आणि रोज भरून निघतो.

मग टिकते ते काय? सिकलसेलचा आजार याचे उत्तर देतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही त्याहून फार कमी. गडचिरोली-नंदुरबारकडच्या अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन वर्षभरात अनेकदा नवे होते, दुखणे मात्र तेच राहते. द्रव्य गेले, क्रम राहिला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला देतात: ज्योत क्षणोक्षणी नवी, तरी दिवा तोच. तो इथे अक्षरशः लागू पडतो.

यावर कुणी म्हणेल, डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिन प्रथिने जन्माआधीपासूनची असतात आणि बदलत नाहीत. खरे आहे, आणि तिथेच उतारवयात मोतीबिंदू धरतो. ज्याची नवी घडण होत नाही ते झिजत जाते, हेच त्यातून दिसते. नैयायिकांचा आक्षेप अधिक कठीण आहे: सारे बदलत असेल, तर काल पाहिलेले आज आठवते कुणाला? फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न रेणूंच्या भाषेत विचारला आणि सुचवले की रेणू एकेक करून बदलले तरी त्यांच्या समूहाची अवस्था टिकू शकते. ही एक शक्यता झाली, सिद्धता नव्हे. पण आठवणीसाठी न बदलणारे द्रव्य लागतेच, हा आग्रह तिने सैल होतो. अनुभव घेणारा कोण, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि तो रेणूंनी सुटला असे मी म्हणणार नाही.

एवढे मात्र नक्की म्हणेन, की आत्मा मानणाऱ्याने देहाला टाकाऊ वस्त्राची उपमा देणे आता थांबवावे. वस्त्र अंगावर असताना स्वतःला विणत नाही, देह विणतो.